मामा, शिराझ आणि एक फुटका मद्यकुंभ

मागच्या धाग्यात आपण नाणेघाटातील दगडी रांजणापाशी थांबलो होतो. कोकणातल्या बंदरांतून घाटमाथ्यावर चढणाऱ्या मालाची ती वाट. पुढचा धागा यवनांच्या मद्यव्यापारावर लिहीन, असे मी तेव्हाच कबूल केले होते. टिपणे तयार होती, पेरिप्लसमधील उतारेही शोधून ठेवले होते. परंतु मध्यंतरी मामांना घेऊन नाशिकजवळच्या एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये जाण्याचा योग आला, आणि त्या दोन तासांनंतर ती टिपणे जशीच्या तशी उतरवणे मला जमेना. म्हणून हा धागा थोडा घरगुती झाला आहे. इतिहास त्यात आहेच. फक्त तो मामांच्या मागे मागे चालतो.

(वाईन घेण्यासाठी कायद्याने वयाची अट आहे. ती पूर्ण न झालेल्या वाचकांनी या धाग्यातील केवळ खापरे चाखावीत.)

मामा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. गळ्यात तुळशीची माळ, आषाढात वारी. मद्याचा थेंब त्यांनी आयुष्यात घेतलेला नाही. तरीही एके काळी त्यांच्या दोन एकरांत उभी असलेली शिराझची बाग मद्यासाठीच होती. यात विसंगती शोधणाऱ्यांना ते एकच उत्तर देत: "ऊस लावणारा काय रम पितो का?"

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते डोळे तपासायला नाशिकला आले होते. काम सकाळीच आटोपले. दिवस मोकळा होता, म्हणून मी त्यांना आधी पांडवलेण्यांत नेले. पायऱ्या ते माझ्यापेक्षा लवकर चढले.

सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात एका यवनाचा लेख आहे. धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी. त्याने हे लेणे आणि पाण्याची टाकी खोदविली, आईवडिलांच्या पुण्यासाठी; सोबत त्याच्या मुलाचेही नाव आहे, धम्मरक्षित. यवन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताबडतोब चषक आणि मद्यकुंभ उभे राहतात. हा यवन मात्र बौद्ध भिक्षूंसाठी पाणी साठविण्याची सोय करून गेला. त्याने मद्य घेतले की नाही, हे लेख सांगत नाही, आणि आपणही त्याच्या हाती उगाच चषक देऊ नये.

मामांनी विचारले, "नाव, बापाचं नाव, गाव. एवढंच?"

मी म्हणालो, "आणि काय दिलं ते."

"सातबाऱ्यासारखं," मामा म्हणाले.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवलेल्या ३००० कार्षापणांचा हिशोब आहे: २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक, १००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण. मामांनी मनात गुणाकार केला. "बारा टक्के आणि नऊ टक्के. ठेवीला एवढं व्याज आज कोण देतं?" त्याच लेण्यात आठ हजार नारळांच्या दानाचाही उल्लेख आहे, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. झाडांची मोजदाद शिळेवर असावी, ही गोष्ट त्यांना पटली. द्राक्षाचे नाव आहे का, असे त्यांनी विचारले. ते नाही.

लेखातले ते गोवर्धन हे प्राचीन काळी या भागाचे प्रशासकीय ठाणे होते. आज ते गंगापूर रस्त्यावरचे एक गाव आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की धरणाचा जलाशय दिसू लागतो आणि वाइनऱ्यांच्या पाट्या सुरू होतात. नाशिकला टेस्टिंग रूम ही कल्पना रुजवली ती सुलाने, २००५ मध्ये; त्यानंतर एकामागून एक अशा जागा उघडत गेल्या. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची तिथे रांग लागते. आम्ही गेलो ती वाइनरी लहान होती, आणि वार मधला होता. गर्दी नव्हती.

"चल, बघू तरी आपल्या मालाचं पुढं काय करतात," मामा म्हणाले, आणि गाडीतून उतरताना त्यांनी टोपी नीट केली.

त्यांचे हे वाक्य समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८० च्या दशकात नारायणगावला शॅटो इंडाज उभी राहिली आणि महाराष्ट्रातील द्राक्षांची फसफसणारी वाईन परदेशी जाऊ लागली. पुढे २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वाइनऱ्यांना करांत सवलती मिळाल्या, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाईन पार्क आखले गेले. गावोगावी बैठका झाल्या. व्यापाऱ्याची घासाघीस नको, करारात ठरलेला भाव, असे शेतकऱ्यांना सांगितले जाई. मामांनी २००५ मध्ये एका कंपनीशी करार करून थॉमसनच्या जागी शिराझ लावला.

यात एक मेख होती, आणि ती वेलीतच होती. खाण्याचे द्राक्ष मोठे, पातळ सालीचे, बहुधा बिनबियांचे असते. एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. कुणीच घेतले नाही तर बेदाणा करता येतो. वाईनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांनी भरलेले. रंग, तुरटपणा आणि गंध यांचा साठा सालीत आणि बियांत असतो, म्हणून वाइनरीला ते तसेच हवे असते. पण बाजारात त्याला कुत्रे विचारत नाही. ज्या घटकेला शेतकरी ही वेल लावतो, त्या घटकेला त्याच्या मालाला जगात एकच गिऱ्हाईक उरते.

२००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाइनऱ्यांच्या टाक्यांत जुना माल पडून राहिला. २००९ च्या हंगामात मामांची बाग तयार होती, साखर भरली होती, पण गाडी आली नाही. फोन लागेना. मागच्या वर्षाचे पैसेही अर्धेच मिळाले होते. पंधरा दिवसांनी मामांनी घड उतरवून बांधाच्या कडेला खड्ड्यात टाकले. त्या सुट्टीत मी तिथे होतो, शाळेत होतो. मला आठवतो तो वास आणि माश्यांचे घोंगावणे. पुढच्या वर्षी जेसीबी आला आणि बाग निघाली. तारा आणि लोखंडी अँगल तेवढे ठेवले. त्यांवर आता पुन्हा थॉमसन आहे.

तर अशा माणसाला घेऊन मी टेस्टिंग रूममध्ये शिरलो.

आत एका भिंतीवर वाईनचा इतिहास रंगवला होता. डावीकडे जॉर्जियातील आठ हजार वर्षांपूर्वीचे मातीचे भांडे, मग इजिप्त, मग रोम, मग फ्रान्समधला मठ, आणि मग एक लांबलचक रिकामी रेघ. रेघेच्या शेवटी १९९० चे दशक आणि नाशिक. मार्गदर्शक मुलगी बाविसेक वर्षांची असेल. पाठ केलेल्या सुरात ती म्हणाली, की भारतात वाईनची परंपरा नव्हती, ती अलीकडे पाश्चात्त्य देशांतून आली.

इतिहासाचा नाद असलेल्या माणसासारखा असह्य पाहुणा नाही. माझ्या जिभेवर सगळे आले. ते तिथे बोललो नाही, म्हणून इथे सांगतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक अख्खे प्रकरण आहे. त्यात द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला 'मधु' म्हटले आहे, आणि त्याचे प्रकार देशावरून सांगितले आहेत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. प्रदेशाच्या नावाने मद्य ओळखण्याची ही रीत पाहा. आज 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. त्यामागची कल्पना नवी नाही. त्याच प्रकरणात पानागार कसे असावे हेही सांगितले आहे: अनेक दालने, बसण्या-निजण्याची वेगवेगळी सोय, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी, ऋतुमानाप्रमाणे सुखावह. टेस्टिंग रूमच्या वास्तुरचनाकाराने यात काही भर घातली असेल तर ती वातानुकूलनाची. एक फरक मात्र आहे. कौटिल्याच्या पानागारात गिऱ्हाइकांच्या खर्चावर राजाचे हेर नजर ठेवीत. आजच्या गिऱ्हाइकांची छायाचित्रे ती स्वतःच प्रसिद्ध करतात.

आता पेरिप्लस. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी खलाशी व्यापाऱ्याने लिहिलेली ही प्रवासपुस्तिका. भरुकच्छ म्हणजे भडोच बंदरात काय खपते याची यादी तो देतो, आणि तिच्या आरंभीच मद्य आहे: मुख्यतः इटलीचे, शिवाय लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी आणायच्या वस्तूंत उंची मद्याची वेगळी नोंद आहे. म्हणजे बाजाराचे मद्य निराळे आणि दरबाराचे निराळे. भरुकच्छाहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आपले तेर. या शहरांचा माल खडतर वाटांनी गाड्यांतून भरुकच्छला उतरे, असे तो लिहितो.

हे मद्य ज्यातून येई तो अँफोरा: दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा, आतून राळेचा लेप दिलेला मातीचा कुंभ. नेवाशाच्या उत्खननात अशा कुंभांचे तुकडे मिळाले. इटलीच्या कॅम्पानिया भागातल्या कुंभांच्या मातीत व्हेसुव्हियसच्या परिसरातली काळी ज्वालामुखी वाळू असते. भिंगाखाली ती मिऱ्याच्या पुडीसारखी दिसते. पुण्यात शिकत असताना एका प्राध्यापकांनी असा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला होता. त्यानंतर चार दिवस मी सर्वांना ती गोष्ट सांगत सुटलो होतो.

इथे एक सावधगिरी. भारतात सापडलेले सगळे 'रोमन' अँफोरे रोमन नाहीत. रोबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेने जुनी खापरे पुन्हा तपासली आणि २००७ मध्ये दाखवून दिले, की त्यांतील पुष्कळ तुकडे मेसोपोटेमियातील 'टॉर्पेडो' कुंभांचे आहेत. ते आतून डांबराने लिंपलेले आणि बव्हंशी नंतरच्या, सासानी व आरंभीच्या इस्लामी काळातले. यामुळे रोमच्या व्यापाराची आपली चित्रे थोडी आकसतात, पण इराणच्या आखाताशी असलेला संबंध ठळक होतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील छतावर उंच टोपी घातलेला, दाढीवाला, हाती पेला धरलेला परदेशी पुरुष ज्यांनी पाहिला असेल, त्यांना याचे नवल वाटू नये.

आणि वेल? तीही होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा त्याने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली. वर्षातून दोनदा फळ येते, असे तो म्हणतो. हे वाक्य मी मामांना पूर्वी एकदा वाचून दाखवले होते. ते म्हणाले होते, "येणारच. इथं वेल झोपत नाही." युरोपात हिवाळ्यात वेल निद्रिस्त होते. आपल्याकडे तसा हिवाळा नाही, म्हणून तिला दोनदा छाटावे लागते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि फळ एकदाच घ्यायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर. इब्न बतूताचे ते एक वाक्य आजवर अनेकांनी आश्चर्य म्हणून उद्धृत केले आहे. मामांना त्यात फक्त छाटणीचे वेळापत्रक दिसले.

असो. मी यातले काहीही बोललो नाही, कारण त्याआधी मामा बोलले. ते भिंतीकडे पाहतच नव्हते. खिडकीबाहेरच्या ओळींकडे बोट दाखवून त्यांनी मुलीला विचारले, "खुंट कुठला आहे?"

मुलगी थबकली. मग पाठ केलेला सूर सोडून ती साध्या आवाजात म्हणाली, "डॉगरिज. तुमची बाग आहे का, काका?"

"होती. याच जातीची."

"आमचीपण आहे. दिंडोरीकडं."

पुढची दहा मिनिटे मी तिथे असून नसल्यासारखा होतो. भुरी, डाऊनी, अवकाळी, मजुरीचे दर. तिच्या वडिलांचा माल दुसऱ्या एका वाइनरीला जातो. पैसे वेळेवर येतात का, असे मामांनी विचारले. "येतात आता," ती म्हणाली. 'आता' या शब्दावर दोघेही क्षणभर थांबले.

मग तिला कामाची आठवण झाली. आम्हाला टाक्या दाखवल्या: पोलादी, बाहेरून थंड पाण्याचे वेष्टण असलेल्या. पांढऱ्या वाईनसाठी रस सालीवेगळा करून कमी तापमानात आंबवतात. तांबडीसाठी सालीसकट, म्हणजे रंग उतरतो. मामा टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले. कारण विचारले तर म्हणाले, "गार आहे." एका बाजूला लाकडी घंगाळ होते. हंगामात पाहुणे पैसे देऊन त्यात द्राक्षे तुडवतात, असे ती म्हणाली. प्राचीन भूमध्य प्रदेशात द्राक्षे पायांनीच तुडवीत, ही माहिती मी उत्साहाने पुरवली. मामांनी घंगाळात पाहिले आणि ते पुढे चालू लागले. अन्न पायाखाली, हे त्यांच्याकडून बोलून होणारे नव्हते.

शेवटी बाकड्यावर पेले मांडले. मुलीने मामांसाठी न विचारता द्राक्षाचा ताजा रस आणला. माझ्यापुढे शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शिराझ, प्रत्येकी दोन घोट. आधी रंग पाहायचा, मग पेला फिरवायचा, मग वास घ्यायचा. शिराझमध्ये काळी मिरी आणि जांभळाची छटा जाणवते का बघा, ती म्हणाली. मी प्रामाणिकपणे शोधू लागलो. मला त्या मिऱ्यांत कॅम्पानियाची काळी वाळू आठवत होती, जिभेला फारसे काही सापडत नव्हते.

"इकडं आण," मामा म्हणाले.

मला वाटले, ते पेला बाजूला सारतील. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि नाकापाशी नेला. प्यायले नाहीत. डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले.

"तोडणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या क्रेटला हा वास यायचा," ते म्हणाले. "क्रेट धुवायला घेतले की. आम्हाला वाटायचं, आंबले. ते मग हे होतं तर."

मुलगी काही बोलली नाही. मी हिशोब केला. २००७, २००८ आणि तो खड्ड्यातला २००९. तीन हंगाम त्यांनी हे फळ पिकवले होते, आणि त्याचे शेवटी काय होते, याचा वास त्यांना आज, इतक्या वर्षांनी मिळत होता. तळहातावरच्या त्या खापराबद्दल मी वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत आलो आहे, की त्यातले मद्य तगरात कोण प्याले. कॅम्पानियाच्या उतारावर ज्याने वेल छाटली, त्याला आपला माल कुठवर गेला हे कधी कळले का, असे मला आजवर विचारावेसे वाटले नव्हते. रोमन मळ्यांत तर बहुतेकदा गुलाम राबत. कळण्याचा प्रश्नच नसेल.

निघताना मामांनी गाडीतळाशेजारच्या ओळीतला एक मणी परवानगी मागून तोडला. दाताखाली धरला, बिया हातात काढून मोजल्या, त्यांचा रंग पाहिला. "अठरा असेल," ते म्हणाले. "बावीस-तेवीस होऊ द्या. घाई करू नका." मुलीने खिशातून छोटी वही काढून त्यावर काहीतरी टिपले. ब्रिक्सचे माप घेणारे यंत्र आतल्या कपाटात असणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

दाराशी पाहुण्यांच्या अभिप्रायांची जाड वही ठेवली होती. मी चाळली. 'ऑसम', 'लव्हली सनसेट', कुणा जोडप्याने काढलेला बदाम, जर्मन भाषेतल्या चार ओळी. मुलीने पेन मामांपुढे धरले. त्यांनी चष्मा लावला. नव्या औषधाने डोळ्यांत अजून पाणी येत होते, त्यामुळे अक्षर थोडे मोठे आले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका निफाड. त्याखाली: द्राक्ष बागायतदार, शिराझ, दोन एकर, २००५ ते २०१०. अभिप्रायाचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला आणि वही मिटून माझ्याकडे दिली.